माडीवरचं कपाट

इद्दतीचा बासष्टावा दिवस होता. नवरा गेल्यावर आमच्यात बाईने चार महिने दहा दिवस त्याच्याच घरात काढायचे असतात. उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, नटायचं नाही. नटण्याची मला तशीही हौस नव्हती. बाकीचं मी मुकाट्याने पाळत होते आणि कॅलेंडरवर पेन्सिलने एकेक दिवस खोडत होते, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

माझा सगळा दिवस मधल्या खोलीत जायचा. तिथे बसलं की नजर वर जायची, आणि वर माडीची तुळई. जून संपता संपता तिला मधोमध पोट आलं. आधी वाटलं, माझेच डोळे. मग एक दिवस डाळ निवडताना सुपात वरून भुसा पडला, बारीक, पिवळट. वाळवी. आणि त्या तुळईच्या बरोबर वर, माडीवर, आमचं सागवानी कपाट उभं. तीन दारांचं, मधल्या दाराला माणूसभर उंचीचा आरसा. सुताराने ते लाकडी खुंट्यांनी जोडलंय, स्क्रू म्हणून एक नाही. सोडवायचं म्हटलं तर मोडायलाच लागेल.

भुशाचा फोटो मी लेकीला पाठवला. तीच चूक झाली. काशिफाने तो दोह्याला भावाला पाठवला आणि संध्याकाळी कैसचा फोन आला, "अम्मी, उद्याच्या उद्या घर सोड." दोन दिवसांनी काशिफा पनवेलहून आली ती दोन रिकाम्या बॅगा घेऊनच. माझे कपडे भरायला.

"मौलवीसाहेबांना विचारलंय मी," ती म्हणाली. "घर पडायला आलं असेल तर इद्दतीतसुद्धा दुसरीकडे जाता येतं. गुनाह नाही."

"मला माहीत हाय ते."

"मग?"

मला परवानगी नको होती. मला हे घर हवं होतं, उरलेले अडुसष्ट दिवस. त्या माणसासाठी मी दुसरं काही केलंच नव्हतं. मे महिन्यात एका शुक्रवारी ते अंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून, जुम्म्याच्या नमाजाला निघता निघता पलंगावर बसले आणि बटण लावता लावता आडवे झाले. नाव ताजुद्दीन. मी जन्मभर 'कैसचे अब्बा' म्हटलं. आता नाव घेतलं तर अडवणारं कोणी नाही, पण जीभ वळत नाही.

मी रडले नाही. मोहल्ल्यातल्या बायका आल्या, गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मागे कुजबुज झाली की नूरबानू दगडाची आहे. असेन. मला भूक लागायची, झोप यायची, आमटीत मीठ कमी पडलं तर कळायचं. फक्त वाटायचं असं काही नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तशी मी सगळीच झाले होते. म्हणून म्हटलं, रडू येत नाही तर निदान इद्दत तरी नीट पार पाडावी, त्याच्या घरात, शेवटच्या दिवसापर्यंत. एवढं एकच माझ्या हातात होतं.

"कपाट खाली आलं तर?" मी काशिफाला विचारलं. "तुळईवरचा भार गेला तर राहीन की नाही मी?"

"कोण आणणार खाली?"

प्रश्न बरोबर होता. अलिबागच्या सामान हलवणाऱ्यांना तिने जिन्याचा फोटो पाठवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. मोहल्ल्यातले धडधाकट पुरुष कुवेत, दोहा, मस्कतला. इथे उरलेत ते गुडघे धरून बसणारे. एकोणीस वर्षांपूर्वी कैसच्या अब्बांनी सुट्टीवर आले असताना हे कपाट पुढच्या सज्ज्यातून दोराने वर चढवलं होतं, पण मागाहून तो सज्जा भिंत घालून बंद केला आणि तिथे न्हाणीघर झालं. आता वाट एकच, जिना. तेरा पायऱ्या, मध्ये एक वळण, आणि वळणावर उभं राहायला जेमतेम तीन फूट जागा.

"शनिवारपर्यंत आलं तर राहा," काशिफा शेवटी म्हणाली. "नाही आलं तर रविवारी गाडी बोलावते, आणि मग एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल," मी म्हटलं. बुधवार होता.

आता ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. कैसचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. गावात लोकांना वाटायचं, मोठ्या ऑफिसात. काम होतं दुसऱ्यांची घरं हलवायचं. फ्रिज, तिजोऱ्या, पलंग, एकदा एक संगमरवरी टेबल सातव्या मजल्यावरून, कारण ते लिफ्टमध्ये मावेना. सुट्टीवर आले की दोन महिने दुसरा विषय नाही. मी भाकऱ्या थापत असायचे आणि हे पाटावर बसून सांगायचे, "नूर, वजन उचलायचं नसतं. उचलतो तो गाढव. वजनाला वाट द्यायची, ते आपलं आपण जातं." मी म्हणायचे, "मग ही परात उचलू नका, तिला वाट द्या." माणूस खो खो हसायचा आणि गाडी पुढे चालू. सामान आधी रिकामं करायचं, दारं-कप्पे काढून टाकायचे, काच गोधडीत बांधायची. अनवाणी कोणी नको. उतारावर वजनाच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. पडत असेल तर पडू द्यायचं, हात घालायचा नाही, कारण सामान पुन्हा मिळतं, बोटं मिळत नाहीत. आणि बोलणारा एकच. दहा माणसं असली तरी तोंड एकाचंच चाललं पाहिजे.

बावीस वर्षं हे ऐकून माझे कान किटले होते. यातलं मी काही लक्षात ठेवलं नव्हतं. ते आपलं राहिलं होतं.

गुरुवारी मी काशिफाला कोळीवाड्यात पाठवलं, सदाकडे. सदा तांडेल, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली, माणसं जाळी विणत बसलेली. शुक्रवारी सकाळी सदा आला, बरोबर धाकटा भाऊ नामा आणि कमलेश, त्याच्याच होडीवरचा. दोर घेऊन आले, होडीवरच्या दोन लांब फळ्या घेऊन आले. दांडगी माणसं. दर वर्षी मे अखेरीला टनावारी वजनाची होडी वाळूवरून ओढून वर घेतात. ओढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

मी मधल्या खोलीमागच्या स्वयंपाकघरात बसले. पुढच्या खोलीतून जिना वर जातो, मधल्या खोलीच्या दाराला पडदा. माझा निरोप घेऊन काशिफा ये-जा करत होती.

"काका, अम्मी म्हणते आधी सगळं रिकामं करा. दारं काढा, कप्पे काढा."

"काडतो गो," सदाचा आवाज आला. "भाभीना सांग, काळजी नको. आमी होड्या वढतो, ह्या कपाटाचा काय घेऊन बसलीस!"

"आणि पायात काहीतरी घाला म्हणते."

यावर नुसतं हसणं ऐकू आलं. कोळी माणूस आणि पायात काहीतरी!

दारं निघाली. आरसा गोधडीत बांधून भिंतीला लावला. माझ्या कपड्यांची गाठोडी, कैसची शाळेची प्रमाणपत्रं, ह्यांचे दोन कोट, सगळं काशिफाने खाटेवर रचलं. मी निरोप पाठवला, कपाटाच्या पायांखाली गोणपाट सारा आणि ढकला, उचलू नका. त्यांनी ऐकलं. समोर, मधल्या खोलीच्या छतावरून, कपाट सरकत जिन्याकडे गेलं तसा एक लांब खरखरीत आवाज झाला, मध्ये न तुटणारा. तो आवाज बरोबर होता. कपाट तुळईवरून गेलं तसा भुसा पडायचा थांबला आणि मी उठून पडद्यामागे येऊन बसले. काशिफाने डोळे वटारले. मी लक्ष दिलं नाही.

कपाट त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पाठीवर निजवलं. फळ्या पायऱ्यांवर टाकल्या, दोर बांधला. सदा आणि कमलेश वर दोर धरून, नामा एकटा खाली. इथपर्यंत काशिफाने मला सांगितलं. पुढचं मला सांगायला लागलं नाही, ऐकूच आलं.

"हय्याऽऽ रे हय्या!" सदाने आरोळी दिली.

"हय्या!" बाकीचे दोघे.

धप्.

"हय्याऽऽ रे हय्या!"

धप्.

मला नुसतं कळलं की हे चुकतंय. होडी वर चढवायची असते, ती आपण ओढली तरच हलते, म्हणून सगळ्यांनी एका आरोळीत जोर लावायचा. कपाट खाली उतरायचं होतं. ते ओढायला लागत नाही, त्याला धरून ठेवायला लागतं. पण जन्मभराची सवय. आरोळी झाली की खाली नामा ओढत होता आणि आरोळीवरच वरचे दोघे दोर सैल सोडत होते. प्रत्येक 'हय्या'ला कपाट एक उडी मारत होतं, आणि दर उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी. कुवेतमध्ये कैसचे अब्बा म्हणे गाणाऱ्या माणसाला कामावरून घरी पाठवायचे.

"काशिफा," मी म्हटलं, "त्यांना सांग ओरडू नका."

ती गेली आणि बोललीही असेल. आरोळीत तिचा आवाज कोण ऐकतंय? चौथ्या हय्याला धप् झालंच नाही. मोठा कर्र आवाज, भिंतीचा गिलावा पडल्याचा, आणि नामाची हाक, शब्द नसलेली. मग सगळे एकदम.

"धर, धर!"

"सोड थोडा!"

"सोडू नको, मेलो मी!"

"वर वढ!"

"खाली घे, खाली!"

काशिफा पडद्याशी धावत आली, तोंड पांढरं. "अम्मी, नामाकाका अडकले. वळणावर. भिंत आणि कपाट यांच्या मध्ये."

"गप्प!" मी ओरडले. काशिफाला नाही, सगळ्यांना. पडद्याच्या आतून. घर एकदम शांत झालं. मलाही बरं वाटलं, तो गोंगाट मला सहन होत नव्हता.

"दोर कोणाच्या हातात हाय?" मी काशिफाला विचारलं.

"दोघांच्या."

"खांबाला वेढा?"

"नाही. नुसता हातात."

"नामाचे हात कुठे हायत? पाय कुठे हाय त्याचा? कोपरा भिंतीत रुतलाय की नुसता टेकलाय?"

"मला नाही कळत, अम्मी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी उठले. पडदा सारताना मी काही विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. ना भीती वाटली, ना लाज. ओढणी कपाळावर ओढली आणि पुढच्या खोलीत गेले. चौसष्ट दिवसांत पहिल्यांदा परक्या पुरुषांसमोर. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही, सगळ्यांचे डोळे कपाटावर होते.

वळणावर कपाट तिरकं पडलं होतं. खालचा एक कोपरा भिंतीत घुसलेला, दुसरा हवेत. नामा त्याच्या बरोबर पुढ्यात, पाठ भिंतीला, कपाटाचं बूड छातीवर, दोन्ही हातांनी ते ढकलत. त्या दोन हातांनी तो काहीच थोपवत नव्हता, थोपवलं होतं ते भिंतीतल्या कोपऱ्याने. त्याला ते ठाऊक नव्हतं. वर सदा आणि कमलेश पाय रोवून दोर धरून, आणि दोराखाली सदाच्या तळहातातून रक्त येत होतं.

"सदाभाऊ," मी म्हटलं, "कमलेशला एकट्याला धरू दे. एवढं तो धरील, अर्धा भार भिंतीवर हाय. तुमी दोराचं टोक घ्या आणि वरच्या खांबाला वेढा द्या. दोन वेढे. घाई न्हाय."

सदाने दिले. त्याला ते मी शिकवायला नको होतं, होडी नांगरताना तो रोज तेच करतो. त्याला फक्त घरात ते आठवलं नव्हतं.

"आता कोणी बोलायचं न्हाय. मी बोलेन. नामाभाऊ, हात काढा."

नामाने मान हलवली. "हात काडला तर येल ना आंगावर."

"न्हाय येणार. दोर खांबाला हाय."

"भाभी, मना पोरं हायत."

"म्हणून सांगते हात काढा."

तो वर भावाकडे बघत राहिला. सदा म्हणाला, "भाभी सांगतान तसा कर."

नामाने एक हात काढला, मग दुसरा. कपाट जागचं हललं नाही. तेव्हा त्याला कळलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"आता सदाभाऊ, चार बोटं वर घ्या. चारच. शुवय, शुवय."

हा अरबी शब्द, म्हणजे हळूहळू. आमच्या घरात चहा ओतण्यापासून पोरांच्या सायकलीपर्यंत सगळ्याला तो चालायचा. तोंडातून निघून गेला. वर सदाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोर खेचला. कपाट चार बोटं मागे सरलं.

"नामाभाऊ, पोट आत घ्या, डावीकडं सरका. खाली या."

तो आला. शेवटच्या पायरीवर बसला. छातीवर आडवी लाल रेघ, बाकी काही नाही. काशिफाने त्याला पाणी दिलं.

"थांबू आता," मी म्हटलं. "कपाट पळून जात न्हाय."

काशिफाने सदाच्या हाताला फडकं बांधलं. ह्यांचे कुवेतचे बूट कपाट रिकामं करताना खाटेवर आले होते, लोखंडी टोकाचे. मी काशिफाला म्हटलं, ते नामाला दे. त्याला ते एक नंबर मोठे होत होते. त्याने नाड्या आवळल्या.

मग आम्ही ते उतरवलं. आम्ही म्हणजे मी बोलले आणि त्यांनी केलं. वळणावर ते आडवं फिरणार नव्हतं, कोणालाही दिसत होतं. उभं केलं तर फिरणार होतं. दोर तसाच ठेवून कपाट पायांवर उभं केलं, आणि मग एक कोपरा जमिनीला, बाकीचं बूड जरा उचलून, त्या एका कोपऱ्यावर वीतभर फिरवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर वीतभर. एवढं मोठं धूड, पण कोपऱ्यावर आलं की पोरीबाळी फिरवतील असं हलतं. नामा म्हणाला, "आयला!" मी त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला.

पुन्हा पाठीवर निजवलं, फळ्या खालच्या पायऱ्यांवर लावल्या. नामाला मी पुढ्यातून काढून बाजूला भिंतीपलीकडे उभं केलं, फक्त कपाट फळीवरून घसरलं तर ओरडायला. खांबावरचे वेढे सदाने मोजून पुन्हा घट्ट केले.

"शुवय," मी म्हटलं.

दोर खांबावरून किरकिरत सुटायला लागला आणि तो आवाज आला, लांब, खरखरीत, न तुटणारा. एक पायरी. दोन. कोणी ओरडलं नाही. "थांबा." थांबले. "डावा कोपरा फळीवर घ्या. हां. शुवय, शुवय." बाहेर पाऊस होता, पण मला फक्त दोर ऐकू येत होता. खालून सातवी पायरी, सहावी. माझ्या हातात काही नव्हतं, तरी माझे खांदे भरून आले होते. तिसरी. दुसरी. बूड फरशीला टेकलं ते मला दिसण्याआधी ऐकू आलं, कारण दोर गप्प झाला.

पुढच्या खोलीत चिऱ्याची पक्की भिंत आहे, तिला लावून ते उभं केलं. सदा मग मधल्या खोलीत गेला, हातोडीच्या मागच्या बाजूने तुळई इकडून तिकडून वाजवली, माडीवर जाऊन फळ्यांवर नाचून आला. कमलेश जाऊन जुन्या डोलकाठीचा एक तुकडा घेऊन आला, तो त्यांनी तुळईखाली टेकू म्हणून ठोकला. तोपर्यंत मी पडद्याआड परत गेले होते.

"भाभी," सदा पडद्याकडे बघून म्हणाला, "मधीच खाल्लीय वाळवीनं. दोनी टोकं पक्की हायत. भार गेला, टेकू दिला, आता हा पावसाळा काडील ती. दवा मी मारून देतो. राहा तुमी." मग म्हणाला, "नामाचा काय खरा नव्हता आज."

"चहा घेऊन जा," मी आतून म्हटलं.

काशिफाने कैसला फोन लावला, तुळई दाखवली, टेकू दाखवला, खालचं कपाट दाखवलं. "अब्बांचं कपाट," तो म्हणाला, आणि मग, "ठीक आहे अम्मी. राहा." झालं. काशिफाने आपल्या दोन रिकाम्या बॅगा एकीत एक घालून दाराशी ठेवल्या. उद्या ती पनवेलला जाणार. रात्री शेजारची हाजरा माझ्या सोबतीला येतेच झोपायला.

माणसं गेली. काशिफा फळ्यांचं एक टोक धरून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली. घरात मी आणि ते कपाट. बिनदारांचं, रिकामं. मी त्याच्याभोवती फिरले, चारी कोपऱ्यांवरून हात फिरवला. खालच्या कोपऱ्याला गिलाव्याची पांढरी पूड लागली होती. ओढणीच्या टोकाने पुसली, तर खाली लाकूड साफ. एक ओरखडा नाही. एवढं धूड, असला जिना, तीन कोळी, आणि एक ओरखडा नाही!

मला आनंद झाला. खरंच झाला, पोटातून वर आला, आणि मी ह्यांच्या बसायच्या ओट्याकडच्या दाराकडे वळून मोठ्याने म्हटलं, "अवो, ऐकलात काय? कपाट उतरवलं मी. वळणावर उभं करून फिरवलं."

आणि मी थांबले, उत्तरासाठी. ह्यांची पद्धत मला माहीत होती. आधी शाबासकी नाही, आधी खोड काढायची. दोर खांबाला किती वेळा गुंडाळला, एवढंच विचारतील. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

ओट्यावर तीन रिकामे कप होते आणि पागोळ्या.

इतक्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं. हे गेले ही गोष्ट मी पळभरही विसरले नव्हते, उठताना नाही, झोपताना नाही. आज विसरले. साऱ्या दुनियेत या कामाची किंमत कळेल असा एकच माणूस होता, आणि मी त्याला सांगायला गेले होते. घर राहिलं होतं. मला त्यात राहायला मिळणार होतं, इद्दतीचे उरलेले दिवस आणि त्यानंतरचे सगळे, आणि ते हे नसताना. मी फरशीवर बसले कधी ते कळलं नाही. माझ्या तोंडातून जो आवाज निघत होता तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण काशिफा चिखलाच्या पायांनी तशीच धावत आत आली.

"अम्मी! काय पडलं? कुठे लागलं तुला?"

मी तिचा हात धरला. मला तिला सांगायचं होतं, पण निघालं ते दुसऱ्यालाच.

"दोनदा," मी म्हटलं. "दोनदा गुंडाळला होता दोर."